मॅमिलेरिया इलाँगेटा: सोनेरी काट्यांचा झुपका

झुपक्याने वाढणारा निवडुंग घरी लावायचा असेल, तर पहिली निवड मॅमिलेरिया इलाँगेटाची करावी, असे माझे ठाम मत आहे. ही प्रजाती मूळची मध्य मेक्सिकोतील हिदाल्गो, केरेतारो आणि ग्वानाह्वातो या राज्यांतली. १८२८ मध्ये द कांदोल या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिचे वर्णन केले. आपल्याकडील रोपवाटिकांत ती ‘लेडीफिंगर कॅक्टस’ या नावाने मिळते.

मी घेतलेल्या चार इंची कुंडीत बोटाएवढी खोडे एकमेकांना खेटून उभी आहेत. खोडाची जाडी १ ते ३ सेंटिमीटरच्या पुढे सहसा जात नाही, पण लांबी १५ सेंटिमीटरपर्यंत वाढते. बुडाशी सतत नवी पिल्ले फुटत राहिल्याने कुंडी भरून जाते आणि लांब झालेली खोडे आपल्याच भाराने कलून काठाबाहेर येतात.

या रोपाचे खरे वैभव त्याच्या काट्यांत आहे. खोडावर उभे कंगोरे नसतात, तर शंकूसारखे बारीक उंचवटे असतात. प्रत्येक उंचवट्याच्या टोकावर १४ ते २५ बारीक काटे चांदणीसारखे पसरून मागे वळतात, आणि शेजारच्या चांदण्या एकमेकींत इतक्या गुंततात की खालचे हिरवे खोड जेमतेम दिसते. मधला सरळ काटा बऱ्याच रोपांत नसतोच, त्यामुळे हे रोप हाताळताना फारसे बोचत नाही. माझ्या रोपाचे काटे सोनेरी आहेत. तांबूस तपकिरी काट्यांची रोपेही मिळतात आणि तीही देखणी असतात. फुले काट्यांजवळ न येता दोन उंचवट्यांमधल्या बेचक्यातून उमलतात. ती फिकट पिवळी आणि जेमतेम दीड सेंटिमीटरची असतात.

रोपाबद्दल माझी काहीच तक्रार नाही, विक्रेत्याबद्दल मात्र आहे. रोप निव्वळ कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, लावलेले होते, जे आतून ओलेच राहते आणि मुळे कुजवते. शेजारच्या कुंड्यांत तर खोडांवर रंगीत सुकी फुले डिंकाने चिकटवलेली होती. रोपाला इजा करणारा हा प्रकार बंद व्हायला हवा. घेताना खोडाचे बूड टणक आहे ना, हे दाबून पाहावे आणि शेंडे बारीक व फिकट झालेले रोप टाळावे, कारण ते सावलीत ताणले गेलेले असते. घरी आणल्यावर जाड वाळू आणि बारीक खडी मिसळलेल्या मातीत ते लावावे, भरपूर उजेड द्यावा आणि पावसाळ्यात कुंडी छपराखाली ठेवावी.