काटा अडलाय: ग्रॅम मोजावेत की जेवणं?

लो-कार्ब, म्हणजे कार्ब्स (कर्बोदकं: पिष्ट आणि साखर) कमी असलेलं खाणं, सुरू केलं की आधी वजन भराभर उतरतं. शरीरात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, संपतो आणि दर ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणी घेऊन जातो, म्हणून. पुढे मात्र भात बंद, साखर बंद, तरी काटा ढिम्म. घटलेल्या शरीराला खायलाही कमीच लागतं. पनीर आणि येताजाता तोंडात टाकलेले शेंगदाणे मात्र तेवढेच राहतात. अशा वेळी करायचं काय? मी दोन्ही उपाय करून पाहिलेत.

एक म्हणजे कार्ब्स आणखी आवळून दिवसाला २० ते ५० ग्रॅमवर आणणं. दुसरा, भात-साखर-मैदा बंदच ठेवून जेवणं दोनवर आणणं. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारांवरून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघरी पोचवलेली ही पद्धत: दोनच जेवणं, प्रत्येक ५५ मिनिटांत आटपायचं, मधे पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा कोरा चहा, आणि रोज चालणं.

भुकेच्या बाबतीत पहिला उपाय सरस, हे मान्य करायला हवं. कार्ब्स खरोखर कमी केले की भूक मरते. दोन जेवणांत सुरुवातीला संध्याकाळचे पाच वाजले की ऑफिसातल्या बिस्किटांचा वास लांबूनही येतो. सवय होते, पण वेळ लागतो.

मला पहिल्याचा कंटाळा आला तो गुळामुळे. आमच्याकडे आमटीत गूळ, भरल्या वांग्यात गूळ, काकडीच्या कोशिंबिरीतसुद्धा चिमूटभर साखर. रोज ताटावर बसलं की चौकशी: यात किती घातलाय? वाटण किती, कूट किती, कांदा किती? बरं, गूळ वगळला तरी डाळ उरतेच. २० ग्रॅमच्या हिशोबात दोन वाट्या वरणही डोईजड होतं. एका भाकरीत तर दिवसाचा कोटा संपतो. शेवटी माझा स्वयंपाक वेगळा व्हायला लागला आणि घरात कोणी काही बोललं नाही तरी कळत होतं. पाहुणे म्हणून गेल्यावर तर विचारायचीही सोय नाही.

दोन जेवणांत ही चौकशी संपली. सगळ्यांची आमटी मीही खातो, ज्वारीची एक भाकरी घेतो, भाजी जास्त घेतो. मधल्या वेळचे शेंगदाणे आपोआप सुटले, आणि माझा काटा बहुधा त्यांच्यामुळेच अडला असावा. वजन हळू उतरतं, पण उतरतं.

अर्थात प्रत्येकाचं शरीर वेगळं. स्टॅनफर्डमधल्या ६०९ जणांच्या अभ्यासात (२०१८) वर्षभरानंतर लो-कार्ब आणि लो-फॅट गटांच्या वजनघटीत लक्षणीय फरक दिसला नव्हता. त्यामुळे जे निभेल ते धरावं, असं मला वाटतं. एकटे राहत असाल, स्वतः रांधत असाल, अंडी-मासळी चालत असेल, तर मोजणं जमूनही जाईल. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. साखर एकदम खाली जाऊ शकते.

मी मोजणं अगदीच सोडलेलं नाही. सणासुदीनंतर काटा परत वर सरकला की थोडे दिवस जिन्नस मोजायचा छोटा वजनकाटा ओट्यावर येतो. मग परत कपाटात.