डॅशपॉटात कोणतं तेल? एसयू कार्ब्युरेटरसाठी चार तेलांची पारख

जुन्या अँबॅसडरचं पिकअप घुटमळायला लागलं की मिस्त्री हमखास सांगतात, ‘डॅशपॉटात जाड तेल टाका.’ या सल्ल्यानं बऱ्याच चांगल्या कार्ब्युरेटरांचं सेटिंग बिघडतं. डॅशपॉट म्हणजे एसयू कंपनीच्या कार्ब्युरेटरमधली, आतल्या पिस्टनच्या पोकळ दांड्यातली तेलाची जागा. या तेलाचं काम एवढंच की रेस देताक्षणी हा पिस्टन (इंजिनाचा नव्हे, कार्ब्युरेटरचा) एकदम वर उसळू नये. तो जरा रेंगाळला की जेटवरून, म्हणजे पेट्रोल येण्याच्या बारीक नळीवरून, जाणाऱ्या हवेची ओढ टिकते, क्षणभर जास्त पेट्रोल येतं आणि गाडी उचल घेते. आयडलिंगला किंवा एकसारख्या वेगात मिश्रणावर तेलाचा काहीच परिणाम नाही. जेटचं मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडणारं, असेल तर जाड तेलानं दुखणं झाकतं, जात नाही.

शिलाई मशीनचं तेल मोंढ्यात कुठंही मिळतं, पण घेऊ नका. इतक्या पातळ तेलात पिस्टन उडतो, मिश्रण एकदम लीन होतं आणि कार्ब्युरेटरमधून उलटा फटका येतो. एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक गिअरचं तेल, ४० अंशाला साधारण ३५ सेंटीस्टोक (हे जाडपणाचं माप; आकडा मोठा तितकं तेल जाड). परभणीच्या कडाक्याच्या थंडीत पहाटे ते छान चालतं. वैशाखात बॉनेटखालचं लोखंड तापलं की मात्र त्याची पकड सुटते.

२०डब्ल्यू५० इंजिन ऑइल बरोबर उलट. ४० अंशाला ते दीडशे सेंटीस्टोकच्या वर असतं, त्यामुळे उन्हाळ्यात बरं. डिसेंबरात सकाळी पिस्टन इतका सावकाश उठतो की काळा धूर निघतो आणि इंजिन गुदमरतं.

आमची पसंती २० नंबरच्या फोर्क ऑइलला, म्हणजे मोटरसायकलच्या पुढच्या शॉकअपमधल्या तेलाला, कारण एसयूची मूळ शिफारस एसएई २० चीच आहे. एक अडचण आहे. फोर्क ऑइलचे नंबर सगळ्या कंपन्यांचे सारखे नसतात. एकाचं २० दुसऱ्याच्या १५ सारखं निघतं. म्हणून नंबरावर न जाता ४० अंशाचा सेंटीस्टोक आकडा विचारा. ५० ते ८० च्या दरम्यान असेल तर बाराही महिने एकच तेल पुरतं.

भरायला सिरिंज वापरा, चमचाभरही लागत नाही. डॅम्पर, म्हणजे टोपीला जोडलेली दांडी, परत खाली सोडताना टोपी बसायला साधारण ६ मिमी उरलेले असताना अडकल्यासारखं जाणवलं, की पातळी बरोबर. जास्त झालेलं तेल इंजिनात जाऊन जळतं, थोडा निळा धूर येतो, बाकी नुकसान नाही. दर ५,००० किमीला पाहत जा.

तेलाआधी पिस्टन तपासा. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ एअर क्लीनरमधून आत गेली की पिस्टन चिकटतो. तो आणि सक्शन चेंबर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते वरचं भांडं) पेट्रोलनं धुवून कोरडे करा. पॉलिश पेपर अजिबात लावू नका आणि दुसऱ्या कार्ब्युरेटरचं चेंबर चढवू नका, ही जोडी एकमेकांसाठीच घासलेली असते. तेलाचा थेंब फक्त दांड्याला. डॅम्पर काढून पिस्टन उचलून सोडला की ‘टक्’ असा स्वच्छ आवाज यायला हवा. नाही आला तर जेट मधोमध नाही.

मग पॉइंट, प्लग, टायमिंग लावून घ्या आणि इंजिन पूर्ण गरम झाल्यावरच मिश्रणाला हात घाला. जेटचं तोंड ब्रिजला (पिस्टनखालच्या उंचवट्याला) समतल करून जेटखालचा नट दोन फेरे, म्हणजे १२ पैलू (नटाच्या सहा बाजू दोनदा) खाली घ्या, इथून सुरुवात. कार्ब्युरेटरच्या बाजूची पिस्टन उचलायची पिन दाबून पिस्टन जेमतेम ०.८ मिमी उचला. आरपीएम वाढून वाढलेलाच राहिला तर मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, नट वर. इंजिन पडायला लागलं तर लीन, नट खाली. किंचित वाढून स्थिरावलं तर बरोबर. एका वेळी एकच पैलू फिरवा, दर वेळी थोडी रेस देऊन पुन्हा पाहा.

हल्ली घुटमळण्याचं खरं कारण बहुतेकदा पेट्रोलमध्येच असतं. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला त्याच हवेत जास्त इंधन लागतं, त्यामुळे जुन्या सेटिंगवर गाडी लीन पडते. नट एकदोन पैलू खाली घेऊन दौलताबादहून खुलताबादच्या चढाला सेकंड गिअरमध्ये अर्धी रेस एकदम देऊन पाहा. तिथं खोकली नाही तर तेल बदलायची गरजच नाही.