लाकडी दरवाजे तेच, फ्लोअरिंग नवं: कोणतं साहित्य जुळतं, कोणतं अडतं

दरवाजे आणि चौकटी जागेवर ठेवून फक्त फ्लोअरिंग बदलायचं असेल, तर रंगाचे नमुने बघायच्या आधी दरवाज्याखालची फट मोजा. नव्या थराने जमीन उंचावते, आणि फट पुरली नाही तर पल्ला खालून कापावा लागतो. पल्ला बंद करून बिजागरीच्या बाजूला, मध्ये आणि कुलपाच्या बाजूला अशी तीन ठिकाणी मोजा. मग तो उघडत उघडत त्याच्या पूर्ण वाटेवर मोजा, कारण खालची जमीन क्वचितच एका पातळीत असते. सगळ्यांत कमी भरलेली फट हाच तुमचा खरा आकडा. रंग नंतरही बदलता येतो. पल्ल्याचा खालून नको तेवढा काप घेतला की तो परत जोडता येत नाही.

या एका आकड्यावर तिन्ही प्रचलित फ्लोअरिंगची परीक्षा केली, तर जाहिरातीतला क्रम उलटतो.

एसपीसी म्हणजे दगडाची पूड आणि पीव्हीसी यांचा कडक गाभा आणि त्यावर छापील थर. जाडी साधारण ४ ते ६ मिमी. जुन्या फरशीवर थेट बसतं, त्यामुळे दरवाजे कापायचं काम सगळ्यांत कमी पडतं; नूतनीकरणात याचा खरा फायदा हाच, ‘वॉटरप्रूफ’ हा शिक्का नंतरचा. झोपण्याच्या खोलीत ०.३ मिमीचा वरचा संरक्षक थर चालतो, बैठकीच्या खोलीत किंवा वर्दळीच्या जागी ०.५ मिमीच घ्यावा. बऱ्याच फळ्यांना खालून १ मिमीचा फोम आधीच चिकटवलेला असतो. त्याखाली आणखी मऊ अंडरले, म्हणजे फळ्यांखाली अंथरायचं अस्तर, घालू नका: फळी पावलागणिक दबते आणि फळ्या एकमेकींत अडकवणारी क्लिकची पातळ जीभ तुटते. दोष दोन. काचेच्या मोठ्या दरवाज्यातून थेट ऊन येत असेल तर हे साहित्य तापून फुगतं आणि सांध्यावर उचलतं. दुसरं म्हणजे खऱ्या लाकडाच्या चौकटीला लागून स्वस्त एसपीसी टाकलं की त्याचं प्लॅस्टिकपण लगेच उघडं पडतं. छापलेल्या रेषा आणि हाताला लागणारे खोलगट उठाव एकमेकांवर बसतात का, हे फळी तिरकी धरून बघा. बसत नसतील तर तो माल लाकडी दरवाज्यांच्या घरासाठी नाही.

लॅमिनेट ८ ते १२ मिमीचं येतं, खाली २ मिमीचा अंडरले धरा. रंगांची निवड यात सगळ्यांत मोठी, आणि घरासाठी झीज सोसण्याचा एसी४ दर्जा पुरेसा आहे. गाभा एचडीएफचा, म्हणजे दाबलेल्या लाकडी तंतूंचा असल्याने सांध्यात पाणी मुरलं की कडा फुगतात आणि त्या परत बसत नाहीत. विकणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा: या डिझाइनमध्ये वेगवेगळ्या छपाईच्या फळ्या किती? कमी असतील तर तीच गाठ दर दोन हातांवर पुन्हा दिसते, आणि शेजारी खऱ्या व्हिनियरचा (लाकडाच्या पातळ पापुद्र्याचा) पल्ला असला की डोळा नेमका तिथेच जातो.

इंजिनिअर्ड वूड साधारण १४-१५ मिमी, वर खऱ्या लाकडाचा थर. तो थर ३ मिमी किंवा जास्त असेल तरच पुढे पुन्हा घासून पॉलिश करण्याला अर्थ आहे. दिसण्यात दरवाज्याशी खरं नातं जुळतं ते याचंच. पण अंडरले धरून १६-१७ मिमी उंची वाढते, आणि इथेच अडचण सुरू होते. फ्लश डोअरच्या, म्हणजे सपाट पल्ल्याच्या तळाशी भरीव लाकडाची आडवी पट्टी असते, तिच्यापलीकडे काप गेला की आतला पोकळ किंवा चिपचा गाभा उघडा पडतो. पट्टीची रुंदी कंपनीनुसार बदलते, त्यामुळे दरवाजा उतरवून खालची कड बघितल्याशिवाय हे फ्लोअरिंग पक्कं करू नका. भरीव लाकडाच्या पॅनेल दरवाज्याला ही भीती नाही. तिथे खालची आडवी फळी वरच्यापेक्षा बारीक दिसायला लागेल एवढंच बघायचं.

निवड सांगायची तर: फट १० मिमीपेक्षा कमी आणि दरवाजे फ्लश असतील तर चांगल्या प्रतीचं एसपीसी, दरवाजे भरीव असतील आणि बजेट पुरत असेल तर मॅट फिनिशचं इंजिनिअर्ड ओक. मधल्या सगळ्या परिस्थितींत ८ मिमीचं लॅमिनेट.

आता रंग. दरवाजा आणि फ्लोअरिंग एकाच रंगाचं करण्याचा हट्ट सोडून द्यावा, हे आमचं ठाम मत आहे. हुबेहूब जुळलं तर ठीक, पण तसं जवळपास कधीच होत नाही, आणि ‘जवळजवळ जुळलेला’ रंग चुकल्यासारखा दिसतो. दोन-तीन छटांचं सरळ अंतर ठेवा, झाक मात्र एकाच घराण्यातली असू द्या. झाक ओळखायला पांढरा कोरा कागद पल्ल्यावर टेकवा. सागवान सोनेरी-पिवळसर दिसेल, महोगनी लालसर, अक्रोड थंड तपकिरी, ओक पिवळट-बदामी. सोनेरी सागवानी दरवाज्यांखाली मधाळ किंवा बदामी ओक छान बसतो, गडद तपकिरीही चालतो. लालसर दरवाज्यांखाली राखाडी फ्लोअरिंग मात्र टाळाच: शेजारच्या थंड रंगामुळे लाल आणखी लाल दिसतो आणि चांगलं पॉलिशही जुनाट वाटायला लागतं. राखाडीच हवं असेल तर दरवाजे रंगवायची तयारी ठेवा.

तळहाताएवढ्या तुकड्यावरून निर्णय घेऊ नका. वेगवेगळ्या खोक्यांतल्या चार फळ्या मागवा आणि चौकटीला लागून जमिनीवर आडव्या ठेवा. उभ्या धरलेल्या फळीवर उजेड वेगळा पडतो. सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून बघा. दोन रंग एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फाटतात, आणि छापील थर व खरं लाकूड शेजारी आलं की हे हमखास घडतं. दिवे बदलायचेच असतील तर ते आधी बदला: ३००० केल्व्हिनच्या पिवळट प्रकाशात जुळवलेला रंग ६५०० केल्व्हिनखाली ओळखू येत नाही. दिव्याचा सीआरआय (रंग किती खरे दाखवतो याचा १०० पैकी आकडा) ९० किंवा वर असला तर लाकूड त्याच्या मूळ रंगाच्या जवळ दिसतं.

लाकूड रंग बदलतं हेही हिशेबात धरा. चेरी उन्हाने गडद होतं, अक्रोड उलट फिकट होतं, तेलाधारित पीयूचा (पॉलियुरेथेन पॉलिशचा) थर वर्षागणिक पिवळा पडतो, पाणीआधारित पीयू बराच स्वच्छ राहतो. छापील लॅमिनेट त्यांच्यासोबत बदलत नाही. जुन्या दरवाज्यांचा बदल बहुतांशी होऊन गेलेला असतो. नव्या खऱ्या लाकडाच्या फ्लोअरिंगचा व्हायचा असतो. म्हणून इंजिनिअर्ड वूडचा नमुना अर्धा जाड पुठ्ठ्याने झाकून काही आठवडे खिडकीत ठेवा आणि उघड्या अर्ध्या भागाशी दरवाजा जुळवा.

चकाकीकडे लोक बघतच नाहीत. खाली अगदी मॅट आणि दरवाज्याला आरशासारखं पॉलिश, असं झालं की रंग जुळूनही दोन्ही वेगवेगळ्या घरांतून आणल्यासारखी दिसतात. नव्याने पूर्ण पॉलिश करायची गरज नाही. पल्ला आणि चौकट ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकी घासून, धूळ पुसून, सॅटिन म्हणजे मंद चकाकीच्या पीयूचा एक पातळ हात दिला की पुरतं. त्याआधी पल्ल्याच्या वरच्या कडेवर छोटी चाचणी घ्या. जुन्या पॉलिशमध्ये मेण असेल तर नवा थर धरत नाही. दरवाज्यांची छटाच बदलायची असेल तर गडद करणं सोपं, फिकट करणं अवघड. व्हिनियर साधारण अर्ध्या मिलिमीटरचं असतं, मशिनने घासायला गेलं की कडेला आरपार जातं. सागवान किंवा ओक पांढरं रंगवणार असाल तर आधी शेलॅकचा (लाखेचा) प्रायमर द्या, नाहीतर लाकडातला टॅनिन पांढऱ्यावर पिवळे डाग पाडतो.

स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाशी लागणारी पट्टी, कुणाशी जुळवायचं, फ्लोअरिंगशी की दरवाज्याशी? दरवाज्याशी. स्कर्टिंग येऊन चौकटीभोवतीच्या पट्टीलाच भिडतं, तिथे दोन वेगळे तपकिरी रंग भेटले की प्रत्येक दारापाशी जोड दिसतो. फ्लोअरिंगसोबत मिळणारं कागदी फॉइलचं स्कर्टिंग आम्हाला पटत नाही. रंग फ्लोअरिंगशी बरोबर जुळतो, पण कोपऱ्यावर ४५ अंशात कापलं की फॉइलची कड पांढरी दिसते आणि ओल्या पोच्याने सुटायला लागते. प्रायमर लावलेलं एमडीएफ (दाबलेल्या लाकडी तंतूंचा बोर्ड) भिंतीच्या रंगात रंगवलेलं उत्तम. भरीव लाकडाचं, दरवाज्याच्याच पॉलिशमधलं त्याहून उत्तम. न्हाणीघराच्या दाराजवळ एमडीएफ नको, तिथे पीव्हीसी किंवा लाकूड.

मापांचं गणित असं: फ्लोअरिंगच्या कडेने भिंतीपासून ८ ते १० मिमी मोकळी जागा फळ्यांना पसरायला सोडावी लागते, आणि ती स्कर्टिंगने झाकायची असते. प्लॅस्टर वाकडं असतं हे धरलं तर १२ मिमीचं स्कर्टिंग काठावर पास होतं, १५ मिमी निर्धास्त. चौकटीभोवतीची पट्टी स्कर्टिंगपेक्षा जाड हवी, १८ मिमी असली तर स्कर्टिंग तिच्या कडेला सफाईने संपतं. उलट असलं तर स्कर्टिंगचं तोंड बाहेर डोकावतं आणि सुताराला ते तिरकं कापून वेळ मारून न्यावी लागते. चौकटीभोवतीच्या पट्ट्या बदलायच्या नसतील तर त्यांच्या तळाशी २० ते २२ मिमी जाडीचा चौकोनी ठोकळा बसवणं हा जुना आणि आजही सर्वांत नेटका उपाय. स्कर्टिंग भिंतीला ठोका, फ्लोअरिंगला कधीच नाही. वरची फट अॅक्रिलिक सीलंटने भरा. सिलिकॉनवर रंग बसत नाही आणि त्याचा अंश लाकडावर राहिला तर पॉलिशला डोळे, म्हणजे थर न धरलेले गोल ठिपके, पडतात.

चौकटीपाशी फळीला खाच मारून भोवती सीलंट भरणं ही आळशी पद्धत, आणि वर्षभरात ती दिसतेच. बरोबर रीत म्हणजे चौकटच खालून कापायची. फळीचा उलटा तुकडा आणि त्याखाली अंडरलेचा तुकडा चौकटीला टेकवून ठेवा, त्यावर मल्टीटूलचं (हलत्या पात्याच्या छोट्या विजेच्या हत्याराचं) पातं किंवा बारीक दातांची करवत आडवी टेकवून कापा. उंची आपोआप बरोबर येते. फळी चौकटीखाली सरकली पाहिजे, पण आत तिला पसरायला जागा उरली पाहिजे. लोखंडी चौकट असेल तर हा मार्ग बंद. तिथे फळी आधीच थांबवून प्रोफाइल, म्हणजे सांधा झाकणारी पट्टी, लावा. दोन खोल्यांची पातळी सारखी असेल तर टी-प्रोफाइल, कमी-जास्त असेल तर उतरती पट्टी म्हणजे रिड्यूसर. ती पट्टी बंद पल्ल्याच्या बरोबर खाली येऊ द्या, म्हणजे दार लावल्यावर कोणत्याही खोलीतून दुसऱ्या खोलीचा रंग दिसत नाही. पट्टी खालच्या जमिनीला पक्की करा, फळ्यांना चिकटवू नका.

पल्ला कापायचा तो फ्लोअरिंग बसल्यावर, सर्वांत उंच जागेवर ६ ते ८ मिमी फट धरून. खुणेवर मास्किंग टेप लावा, धारदार सुरीने रेघ खोल ओढा आणि सरळ पट्टीच्या आधाराने कापा. हातातली सर्क्युलर सॉ वरच्या बाजूला चिरफळ्या काढते, म्हणून पल्ल्याची दिसणारी बाजू खाली. कापलेल्या कडेला पीयूचे दोन हात द्या. हे काम हमखास विसरलं जातं आणि पहिल्या पावसाळी हवेत पल्ला तिथूनच ओल पितो.

मालाचा अंदाज: ४ बाय ३.५ मीटरची खोली म्हणजे १४ चौरस मीटर. सरळ मांडणीला ७ ते ८ टक्के वाढवा, तिरक्या मांडणीला १० टक्के, हेरिंगबोनला (माशाच्या काट्यासारख्या नागमोडी मांडणीला) १५. परिघ १५ मीटर, ९० सेंटिमीटरचं एक दार वजा, १० टक्के वाढ, म्हणजे साडेपंधरा मीटर स्कर्टिंग, २.४ मीटरच्या ७ पट्ट्या. एका दाराच्या दोन्ही बाजूंच्या चौकटपट्टीला तशाच ५ लागतात: चार उभ्यांना एकेक, दोन्ही आडव्या पाचवीतून. एक खोकं फ्लोअरिंग जास्तीचं घेऊन ठेवा, पुढच्या खेपेचा रंग तोच येईल याची खात्री नसते.

शेवटची तपासणी कड्यांची. खालची कडी जमिनीतल्या भोकात उतरत असेल तर तरंगत्या, म्हणजे जमिनीला न चिकटवलेल्या फ्लोअरिंगमध्ये ते भोक कडीपेक्षा १० मिमीने मोठं पाडा आणि वर धातूची चकती लावा. कडी फळीत घट्ट बसली किंवा डोअर स्टॉपर फळीतून खाली जमिनीत स्क्रूने आवळला, तर फ्लोअरिंग त्या बिंदूला खिळतं आणि हवामान बदललं की दुसऱ्या टोकाला सांधे उघडतात. स्टॉपर भिंतीवर किंवा स्कर्टिंगवर लावा.