किंडल अनलिमिटेड की जुनी छापील पुस्तकं?

आठवड्याला दोन-तीन प्रणयकथा संपत असतील तर किंडल अनलिमिटेड, म्हणजे महिन्याची वर्गणी भरून ई-बुक वाचायची अ‍ॅमेझॉनची सोय, हीच परवडते. महिन्याला एखादीच वाचणाऱ्यांची वर्गणी वाया जाते. तिथे एका वेळी 20 पुस्तकंच ठेवता येतात आणि वर्गणी थांबली की ती सगळी जातात. शिवाय स्वयंप्रकाशित लेखिका ई-बुक 90-90 दिवसांच्या मुदतीने तिथे देतात. मुदत वाढवली नाही, तर मालिकेचा पुढचा भाग विकतच घ्यावा लागतो. म्हणून सुरू केलेली मालिका आधी संपवा.

रद्दीच्या दुकानातलं मिल्स अँड बून (याच नावाच्या प्रकाशनाची इंग्रजी प्रणयकथांची पुस्तकं) स्वस्त आणि कायमचं आपलं. घेताना मधोमध उघडून पाहा: बांधणीचा डिंक वाळला असेल तर पानं सुटतात. सलग मालिका मात्र क्वचितच सापडते.

नवं आणि भरपूर हवं त्यांनी वर्गणी भरावी. आवडती कथा पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांनी कागदच घ्यावा.