ऑल-इन-वन घ्यायचाय? २४ इंची विंडोज, आयमॅक आणि मिनी पीसी, तिघांना शेजारी ठेवून बघितलं

आमच्या डोंबिवलीच्या वन बीएचकेत कॉम्प्युटरला जागा म्हणजे खिडकीखालचं छोटंसं टेबल, तेवढीच, म्हणून सात वर्षांपूर्वी डबा नको, वायरींचं जंजाळ नको असं म्हणत एक ऑल-इन-वन, म्हणजे स्क्रीनच्या आतच अख्खा पीसी असलेला, घेतला आणि गेल्या पावसाळ्यात त्याची स्क्रीन गेली. आतला पीसी ठणठणीत! एचडीएमआयने टीव्हीला लावला की सगळं दिसायचं. लॅमिंग्टन रोडला जाऊन पॅनेलची चौकशी केली तर दुकानदार म्हणाला, मागवून देतो पण त्या पैशात नवा मॉनिटर येईल साहेब. आता नवा मॉनिटर आणून मेलेल्या स्क्रीनला जोडायचा का? ते ध्यान अजून माळ्यावर आहे.

तर या वेळी बायकोच्या अकाउंट्सच्या कामासाठी घ्यायचं ठरलं तेव्हा आधी नीट बघितलं.

एचपी, लेनोवो, डेल, आसुस, यांचे २४ इंची ऑल-इन-वन. दुकानात सगळ्यात जास्त हेच दिसतात आणि सगळ्यात जास्त फसायला पण इथेच होतं, कारण बोर्डावर प्रोसेसरचं नाव "आय५, १३ वी जनरेशन" एवढंच लिहिलेलं असतं. आता आय५-१३४०० आणि आय५-१३३५यू हे दोन्ही तेराव्या जनरेशनचे, दोन्ही दहा कोरचे (कोर म्हणजे प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग). पण पहिला डेस्कटॉपचा, ६५ वॅटचा, त्यात सहा दमदार कोर आणि चार छोटे. दुसरा लॅपटॉपचा, १५ वॅटचा, दमदार कोर दोनच, बाकी आठ छोटे. ऑल-इन-वनमध्ये बहुतेक करून हा दुसरा असतो, शेवटचं "यू" अक्षर बघायचं. म्हणजे वाईट आहे असं नाही हां, टॅली, एक्सेल, क्रोमचे वीस टॅब याला तो पुरून उरतो, फक्त डेस्कटॉप घेतोय या समजुतीत राहू नका. एन१०० प्रोसेसरवाला स्वस्तात मिळतो, त्यात चारही कोर छोटेच, तो मुलांचे ऑनलाइन क्लास आणि यूट्यूब एवढ्यापुरता ठीक. आय३-एन३०० नाव असलेला पण त्याच घराण्यातला, आय३ वाचून भुलू नका.

या गटाची जमेची बाजू म्हणजे बऱ्याच मॉडेलमध्ये लॅपटॉपची रॅम बसते आणि एक स्लॉट मोकळा असतो. आठ जीबीची एक पट्टी असेल तर अजून आठची टाका, नुसती मेमरी वाढते असं नाही, दोन पट्ट्या झाल्या की त्या १३३५यू चं ग्राफिक्स पण सुधारतं. घेण्याआधी मात्र मागचं झाकण कसं उघडतं ते विचारा, काहींमध्ये स्क्रीनच्या बाजूने उचकटावं लागतं.

२७ इंची घ्यायचा मोह होतो. स्क्रीन फुल एचडीच असेल तर घेऊ नका, पिक्सेल तेवढेच राहतात, नुसते ताणले जातात, मराठी जोडाक्षरं बारीक अक्षरात फुटल्यासारखी दिसतात.

ॲपलचा ऑल-इन-वन म्हणजे आयमॅक, त्याच्या स्क्रीनबद्दल वादच नाही. २४ इंचात ४.५के म्हणजे ४४८० बाय २५२०, शेजारी फुल एचडी ठेवला तर तो धुरकट वाटतो. २०२४ च्या शेवटी आलेल्या एम४ मॉडेलची आपल्याकडे किंमत १,३४,९०० पासून होती, रॅम १६ जीबी. पण ती रॅम नंतर वाढत नाही, स्टँड वरखाली होत नाही (माझ्या मित्राने खाली जुने दिवाळी अंक रचलेत, चांगले चार-पाच), आणि माउस चार्ज करायचा तर उलटा करून पोटात वायर खुपसायची, तोवर काम बंद. आमच्यासाठी प्रश्न तिथेच मिटला म्हणा, टॅलीप्राइम विंडोजवरच चालतं आणि एम चिपच्या मॅकवर बूट कॅम्प, म्हणजे मॅकवर विंडोज टाकायची सोय, नाही. फोटो, व्हिडिओ, डिझाइनवाल्यांनी मात्र जरूर बघावा.

आता माझ्या दुखऱ्या नसेचा मुद्दा. एचडीएमआय आउट असेल तर स्क्रीन गेली तरी पीसी वापरता येतो, एचडीएमआय इन असेल तर पीसी गेला तरी स्क्रीन वापरता येते, आणि हे इन फार थोड्या मॉडेलमध्ये असतं. भोक सारखंच दिसतं, बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, टॉर्च मारून वाचा. आयमॅकमध्ये पूर्वी काही वर्षं अशी सोय होती, आता नाही.

लाइट जाणाऱ्या भागात ऑल-इन-वन बरा पडतो, वीज कमी खातो त्यामुळे ६०० व्हीएचा साधा यूपीएस त्याला डब्यापेक्षा जास्त वेळ पुरतो. घरच्या इन्व्हर्टरवर टाकणार असाल तर त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर आहे ना बघा, नाहीतर लाइट गेली की पीसी रीस्टार्ट.

आई-बाबांसाठी, एक प्लग लावला की सुरू असं हवं असेल तर मी अजूनही २४ इंची विंडोजवालाच सांगेन, रॅम १६ जीबी करून. आम्ही मात्र मिनी पीसी, म्हणजे स्क्रीन नसलेला छोटासा डबा, घेतला आणि तो २४ इंची मॉनिटरच्या मागे चार स्क्रूने ठोकला. त्यामुळे मॉनिटरचा स्टँड आता तिथे बसत नाही, म्हणून मॉनिटर भिंतीवर गेला आणि टेबल उलट मोकळं झालं. वायरी तीन दिसतात. त्यावर सासूबाईंनी जुन्या पडद्याचा तुकडा लावलाय.