‘स्टाइल इन फिक्शन’: एक शैक्षणिक वर्ष वर्गात वापरल्यावर

जेफ्री लीच आणि मिक शॉर्ट यांचं हे पुस्तक मी जूनमध्ये घेतलं. टीवायबीएच्या मुलांना शैलीविज्ञानाची, म्हणजे साहित्यातली भाषा बारकाईनं तपासण्याच्या शास्त्राची, तोंडओळख करून द्यायची होती, आणि बाजारातल्या गाइडांमध्ये व्याख्यांपलीकडे काही नसतं. आता परीक्षा तोंडावर आल्यात आणि माझ्या प्रतीच्या समासात पेन्सिलीला जागा उरलेली नाही. पुस्तक मूळ १९८१ चं, माझ्याकडे २००७ ची दुसरी आवृत्ती आहे. ‘पाला’ या शैलीविज्ञानाच्या संघटनेनं २००५ मध्ये, १९८० नंतरचं या विषयातलं सर्वांत प्रभावी पुस्तक म्हणून याला पुरस्कार दिला. तो योग्यच होता, पण त्यामुळे पुस्तक सोपं ठरत नाही.

पहिलं प्रकरण निदान सुरुवातीला सोडून द्या. शैली म्हणजे आशयावर चढवलेला साज, की आशय आणि शैली वेगळे काढताच येत नाहीत, हा तिथला वाद. ‘रीतिरात्मा काव्यस्य’ (रीती, म्हणजे शैली, हाच काव्याचा आत्मा) म्हणणाऱ्या संस्कृत काव्यशास्त्रकार वामनापासून आपल्याकडेही तो चालत आलाय. लेखकद्वय तो नीट मांडतात, पण हातात उतारा नसताना तो वाचला की डोक्यावरून जातो. मी वर्गात तिथूनच सुरुवात केली असती तर मागचे दोन बाक पहिल्याच आठवड्यात रिकामे झाले असते.

खरं काम तिसऱ्या प्रकरणात आहे. तिथे उतारा तपासायची एक प्रश्नावली दिलीय: शब्द, व्याकरण, अलंकार, आणि संदर्भ व वाक्यांची सांधणी. नामं मूर्त आहेत की अमूर्त? क्रियापदं हालचालीची की स्थितीची? वाक्यं लांब असतील तर ती कशामुळे लांबली? मग कॉनरॅड, लॉरेन्स आणि हेन्री जेम्स यांच्या एकेका कथेची सुरुवात या प्रश्नांच्या चाळणीतून काढलीय. जेम्सच्या ‘द प्यूपिल’मध्ये एक तरुण शिकवणीवाला पगाराचा विषय काढायला अवघडतो, आणि वाक्यंही त्याच्यासारखीच आडवळणं घेत, अमूर्त नामांमागे लपत पुढे सरकतात. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना हा उतारा फार समजावून द्यावा लागत नाही.

एक इशारा. प्रश्नावली पूर्ण भरायला जाऊ नका. सगळे प्रश्न एका उताऱ्याला लावले की मुलं नामं मोजत बसतात आणि गोष्ट बाजूला राहते. मी डिकन्सच्या ‘ब्लीक हाउस’मधला (१८५३) धुक्याचा परिच्छेद घेतला आणि प्रश्न ठेवले दोनच: काय परत परत येतंय, आणि काय येतच नाहीये? पहिल्याचं उत्तर लगेच मिळालं. ‘फॉग’ हा शब्द त्या एका परिच्छेदात तेरा वेळा आहे. दुसऱ्याला वेळ लागला. शेवटी एक मुलगी म्हणाली, “मॅडम, यात मेन व्हर्बच नाहीये. नुसतं क्रीपिंग, लाइंग, ड्रूपिंग.” अगदी बरोबर. ‘फॉग एव्हरीव्हेअर’पासून मुख्य वाक्याला काळ दाखवणारं क्रियापद मिळतच नाही. धुकं येत नाही, जात नाही, नुसतं असतं. आणि कादंबरी आहे वर्षानुवर्षं न संपणाऱ्या कोर्टाच्या दाव्याची.

लगेच मागून प्रश्न आला: “पेपरच्या हेडलाइनलापण व्हर्ब नसतं, मग तीपण तुंबलेली का?” हा प्रश्न लाखमोलाचा, कारण शैलीविज्ञानावरचा सर्वांत जुना आक्षेप हाच आहे. व्याकरणातली खूण दाखवायची आणि तिच्यावर मनाला येईल तो अर्थ चिकटवायचा. अमेरिकन समीक्षक स्टॅन्ली फिशनं १९७० च्या दशकात यावरूनच शैलीविज्ञानवाल्यांची सालटी काढली होती. लीच-शॉर्ट यांचं उत्तर लिओ स्पिट्झर या जुन्या शैली-अभ्यासकानं सांगितलेल्या वर्तुळातून येतं: वाचताना काहीतरी जाणवतं, त्याचा पुरावा भाषेत शोधायचा, पुरावा बघून जाणीव दुरुस्त करायची, पुन्हा भाषेकडे जायचं. म्हणजे नुसती खूण काही बोलत नाही, ती कुठे आणि कशाच्या शेजारी आलीय ते बघावं लागतं. मला हे पटतं. तरी पुस्तकातले आकड्यांचे तक्ते बघताना कधीकधी वाटतं, की इतकं मोजलं नसतं तरी निष्कर्ष हाच निघाला असता.

पैसे वसूल होतात ते दहाव्या प्रकरणात. पात्राचं बोलणं आणि विचार निवेदक किती प्रकारे सांगू शकतो, याची थेट अवतरणापासून नुसत्या उल्लेखापर्यंतची शिडी तिथे आहे. मधली पायरी, म्हणजे ‘फ्री इनडायरेक्ट’ (‘तो म्हणाला’ न लिहिता पात्राचं बोलणं किंवा विचार निवेदकाच्या वाक्यात मिसळून देणं), आपल्या मुलांना हमखास अडते. मराठीत आपण सहज म्हणतो, ‘तो म्हणाला की मी दमलोय.’ ‘की’ आला तरी बोलणाऱ्याचा ‘मी’ आणि त्याचा वर्तमानकाळ जागेवरच राहतात. इंग्रजी ‘ही’ आणि ‘वॉज’ करून टाकते, त्यामुळे आवाज कुणाचा ते कळत नाही. जेन ऑस्टिनच्या ‘एमा’मध्ये केस कुरळे करून झाले, मोलकरीण गेली, एमा विचार करत बसली, आणि पुढचं वाक्य: ‘इट वॉज अ रेचेड बिझनेस, इनडीड!’ मुलांनी ते निवेदकाच्या नावावर लिहिलं. मग ‘वॉज’च्या जागी ‘इज’ ठेवून मोठ्यानं वाचायला लावलं. वर्ग हसला, कारण ती सरळसरळ एमाची चरफड होती.

त्याच प्रकरणातला एक विचार मी इतक्या सोप्या भाषेत दुसरीकडे वाचला नव्हता. बोलणं आपण मुळात थेट ऐकतो, म्हणून ते ‘फ्री इनडायरेक्ट’मध्ये घातलं की पात्र लांब जातं. विचार कुणाचे ऐकू येत नाहीत, म्हणून तेच तंत्र विचारांना लावलं की पात्र जवळ येतं. कादंबरी वाचताना हे एकदा दिसायला लागलं की दिसतच राहतं.

सहावं प्रकरण ‘माइंड स्टाइल’चं, म्हणजे भाषेतून दिसणारी जग बघायची तऱ्हा. संज्ञा मूळची रॉजर फाउलर या भाषाशास्त्रज्ञाची. फॉकनरच्या ‘द साउंड अँड द फ्यूरी’ कादंबरीतला मतिमंद निवेदक बेंजी कुंपणापलीकडचे गोल्फ खेळणारे बघतो आणि म्हणतो, ते मारत होते. काय मारत होते ते सांगत नाही. क्रियापदाचं कर्मच गायब! खेळ म्हणजे काय हे त्याला उमगत नाही, हे या एका रिकाम्या जागेतून कळतं.

तक्रारी आहेत. कविता आणि नाटकाला इथे जागा नाही, नाव ‘फिक्शन’ आहे ते उगाच नाही. छोटीछोटी इंग्रजी आद्याक्षरं जागोजागी येतात, ती पाठ होईपर्यंत वैताग येतो. सातवं आणि आठवं प्रकरण नेट-सेटवाल्यांनी वाचावं, बाकीच्यांनी चाळलं तरी चालेल. इंग्रजी व्याकरणातला क्लॉज आणि फ्रेज यांतला फरक ज्यांना पक्का माहीत नाही, त्यांनी आधी तो करून घ्यावा, नाहीतर तिसऱ्या प्रकरणातच गाडी अडेल.

घेणार असाल तर दुसरी आवृत्तीच घ्या. तिच्यात शेवटी दोन नवी प्रकरणं आहेत: एकात मधल्या पंचवीस वर्षांत या विषयात काय घडलं त्याचा आढावा, दुसऱ्यात टी. एफ. पॉइसची एक अख्खी कथा घेऊन केलेलं विश्लेषण. माझा क्रम असा: तिसरं, दहावं, सहावं, मग ती पॉइसची कथा, आणि उसंत मिळाली तर पहिलं.