हूनेट: पैसे लागत नाहीत, पण मिलिमीटर लिहावे लागतात

कोथरूडमधल्या एका दीडशे खाटांच्या हॉस्पिटलात मी मायक्रोबायोलॉजी बघते. हूनेट आम्ही तीन वर्षं वापरतोय. जागतिक आरोग्य संघटनेच्या बॉस्टनमधल्या सहयोगी केंद्राचं हे सॉफ्टवेअर कोणत्या जंतूवर कोणतं अँटिबायोटिक चालतं याच्या लॅबमधल्या नोंदी ठेवतं आणि त्यांचा हिशेब मांडतं. विंडोजवर चालतं, फुकट मिळतं.

आधी आमचा सगळा हिशेब एक्सेलमध्ये. एका महिन्यात आयसीयूमध्ये मेरोपेनेम या अँटिबायोटिकला दाद न देणारा क्लेबसिएला हा जंतू एकदम वाढलेला दिसला. मीटिंगमध्ये सगळे हादरले. संध्याकाळी नोंदी चाळल्या, तर व्हेंटिलेटरवरच्या एकाच आजोबांचे नमुने सहा वेळा आलेले आणि सहाही मोजलेले! हूनेटमध्ये ‘प्रत्येक पेशंटचा पहिलाच आयसोलेट (नमुन्यातून वाढवलेला जंतू) धरा’ हा पर्याय निवडला की हा घोळ होत नाही.

टक्केवारीशेजारी ९५ टक्क्यांचं विश्वासांतरही मिळतं. १२ पैकी ४ आयसोलेट रेझिस्टंट, म्हणजे औषधाला दाद न देणारे, निघाले की ३३ टक्के होतात, पण खरं प्रमाण साधारण १४ ते ६१ यांत कुठंही असू शकतं. एवढ्यावर औषधाचं धोरण बदलायचं नसतं, हे मी आता फिजिशियनना आकड्यावर बोट ठेवून सांगू शकते. ३० पेक्षा कमी आयसोलेट असतील तर वार्षिक अँटिबायोग्राममध्ये (कोणत्या जंतूवर कोणतं औषध किती टक्के चालतं त्या तक्त्यात) त्या जंतूची टक्केवारी देणं आम्ही टाळतो.

पण माझा जीव जडलाय तो वेगळ्याच गोष्टीवर. यात नुसतं एस (औषध चालतं), आय (अधलंमधलं), आर (चालत नाही) न लिहिता झोनचा, म्हणजे प्लेटवर औषधाच्या चकतीभोवती जंतू न वाढलेल्या वर्तुळाचा, व्यास लिहिता येतो. आमची टेक्निशियन प्लेट उलटी धरून पट्टीनं मोजते: जंतू ई. कोलाय, औषध सिप्रोफ्लॉक्सासिन, २१ मिलिमीटर. सीएलएसआय या लॅबसाठी मानकं ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या जुन्या निकषानं हा एस. २०१९ मध्ये निकष बदलले आणि तोच २१ आर झाला. जंतू तोच, झोन तोच! जुन्या नोंदीत फक्त ‘एस’ असेल तर आलेखातली ती उडी जंतूंची की निकषाची, हे कधीच कळणार नाही. मिलिमीटर असतील तर मागची सगळी वर्षं नव्या निकषानं पुन्हा तपासता येतात. आम्ही तशी तपासली, तेव्हा कुठं वाढ किती खरी हे दिसलं.

पडदा जुन्या धाटणीचा आहे, सवय व्हायला वेळ लागतो. मशिनच्या फाइली आत आणायला सोबत बॅकलिंक नावाचं जोड-सॉफ्टवेअर येतं. तिथं आमचे पंधरा दिवस गेले, कारण आमच्याच फाइलीत तारखा दोन तऱ्हेनं लिहिलेल्या होत्या आणि ५ मार्चचे नमुने ३ मेला जाऊन बसले. आधी तारखांचा रकाना एकसारखा करून घ्या. वॉर्डांची नावंही: ‘आयसीयू’, ‘आय.सी.यू.’ आणि ‘अतिदक्षता’ हे आमच्याकडे तीन वेगळे वॉर्ड झाले होते.

पाचपैकी साडेचार. छोट्या लॅबनं घ्यावंच, आणि झोन मोजून लिहायला आजच्या प्लेटपासूनच सुरुवात करावी.